हॅवर्लीतल्या दोन खोल्या

ब्रिटाने कॉलेज जितकं मनावर घेतलं नव्हतं, तितकं मी हॉटेल मनावर घेतलं. ब्रिटा माझी मुलगी, शाळेच्या शेवटच्या वर्षाला. ऑक्टोबरात आम्ही आयोवातलं हॅवर्ली कॉलेज बघायला जाणार होतो. संध्याकाळची भांडी झाली की मी फोन घेऊन बसायची आणि त्या गावातल्या एकेका हॉटेलाबद्दल लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचायची. एकाला उशीवर परक्याचा केस सापडला होता. एकीला शेजारच्या खोलीतलं नवरा-बायकोचं भांडण ऐकू आलं होतं, आणि ते अर्धवट थांबलं म्हणून तिने एक तारा कमी दिला होता.

आणि दर तर विचारूच नका. एरवी ऐंशी डॉलरला मिळणारी खोली त्या शनिवार-रविवारी अडीचशेला. आधी कळेचना की गावात असं काय सोनं लागलंय. मग कळलं, कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा आणि फुटबॉलचा सामना नेमका त्याच शनिवारी. जन्मात पुस्तक न उघडलेली माणसंही त्या दिवशी कॉलेजच्या प्रेमाने लाल स्वेटर घालून गोळा होतात.

"दुसरी तारीख घेऊ या ना," मी म्हणाले.

"नाही आई, हीच," ब्रिटा म्हणाली. एवढंच. माझी मुलगी तशी कमीच बोलते.

खरं सांगते, मला मऊ गादी, फुकटचा नाश्ता, यातलं काहीही नको होतं. मला दोन पलंगांची एक खोली हवी होती. एकावर मी, दुसऱ्यावर ब्रिटा, आणि दिवा मालवल्यावर थोड्या गप्पा. पुढच्या वर्षी ती निघून गेली की मला कोण विचारणार होतं? शेवटी कॉलेजच्या मागच्या गल्लीत, धुलाईच्या दुकानाला लागून एक निळ्या छपराचं मोटेल मिळालं. खोलीचं दार थेट गाड्यांच्या आवारात उघडणारं, जे मला मुळीच आवडत नाही. पण दगडापेक्षा वीट मऊ म्हणून घेऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी ड्वेनचा फोन. ड्वेन म्हणजे माझा माजी नवरा. भट्ट्या आणि हीटर दुरुस्त करतो, आमच्याच गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो.

"मी हॅवर्लीत खोली घेतलीय," तो म्हणाला. "पोहण्याचा तलाव आहे. ब्रिटाला आवडेल."

"ब्रिटा माझ्याकडे झोपणार आहे. हा शनिवार-रविवार माझा आहे."

"मे महिन्यात तुझ्या बहिणीच्या लग्नाला तू माझा घेतलास. तेव्हा म्हणालीस, बदल्यात हवा तो घे. मी हा घेतोय."

"अरे, तू नोव्हेंबरातला घे की! हरणांच्या शिकारीचा पहिला शनिवार माझ्याकडे येतोय. तिला शिकारीला घेऊन जा."

"शिकार गेली खड्ड्यात," ड्वेन म्हणाला. तेव्हा मात्र मी हादरले. हा माणूस आमच्या लग्नाच्या वाढदिवशीही झाडावर बंदूक घेऊन बसलेला असायचा.

आमच्याकडे घटस्फोट झालेल्या प्रत्येक घरात असं एक वेळापत्रक असतं. कोर्टाने आखून दिलेलं, फ्रिजवर चिकटवलेलं. हे शनिवार-रविवार आईचे, ते बाबांचे. नाताळ एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. ब्रिटा दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी तीच निळी बॅग भरायची. कुरकुर नाही, काही नाही. लोक मला म्हणायचे, किती समजूतदार पोर आहे. मला त्याचा अभिमान वाटायचा.

तर शुक्रवारी आम्ही निघालो. एका गाडीतून तिघं जाणं शक्यच नव्हतं, त्यामुळे मी आणि ब्रिटा माझ्या गाडीत, मागे ड्वेनचा ट्रक. पेट्रोल भरायला थांबलो की तो धावत यायचा आणि ब्रिटाच्या हातात तळलेल्या चीजची पिशवी ठेवायचा. मी सँडविच बांधून आणली होती, ती तशीच राहिली. वाटेत मी दहा विषय काढले. ब्रिटा खिडकीबाहेर बघत होती, पाय हलवत होती, फोन उघडत होती, बंद करत होती.

"पोटात गोळा आलाय का गं?" मी विचारलं.

"थोडासा."

"कॉलेजचा?"

"नाही," ती म्हणाली आणि पुन्हा बाहेर बघायला लागली.

दुपारी कॉलेज बघून झालं. विटांच्या इमारती, मोठी झाडं, उलट्या पावलांनी चालत माहिती सांगणारा एक मुलगा. त्यापलीकडे मला काही आठवत नाही, कारण माझं सगळं लक्ष ड्वेनकडे होतं आणि त्याचं माझ्याकडे. मग आम्ही आपापली हॉटेलं दाखवायला निघालो, जशी काही ब्रिटा घरच विकत घेणार होती.

आधी ड्वेनचं. हमरस्त्यापलीकडे. तलाव होता खरा, पण त्यावर ताडपत्री होती आणि ताडपत्रीवर पानं.

"पोहायचं कुठे? पानांत?" मी म्हणाले.

"पाण्याजवळ झोप चांगली लागते," ड्वेन म्हणाला. तो लाजला की असंच काहीतरी बोलतो.

मग माझं. खोलीत जंतुनाशकाचा इतका वास की डोळ्यांना पाणी यावं. पण दोन पलंग होते. मी ब्रिटाच्या पलंगावर घरून आणलेली गोधडी पसरली. ड्वेनने खिडकीखालच्या हीटरला कान लावला.

"हा रात्रभर खोकणार," त्याने निदान केलं.

"तुला कुणी विचारलंय?"

"बिघडलेल्या हीटरपाशी मी माझ्या मुलीला झोपू देणार नाही."

"तुझी मुलगी! आणि मी कोण? शेजारीण?"

बोलत बोलत आम्ही बाहेर गाडीपाशी आलो. मी डिकी उघडली. ड्वेनने निळ्या बॅगेचा पट्टा धरला. मीही धरला. शेजारच्या खोलीबाहेर लाल स्वेटरवाले चार म्हातारे बिअर पीत बसले होते, ते माना वळवून बघायला लागले. मला लाज वाटत होती, पण पट्टा सोडवत नव्हता.

"बॅग सोडा," ब्रिटा म्हणाली. "दोघंही."

तिचा आवाज चढला नव्हता. तरी आम्ही सोडली.

"मी तुमच्या कुठल्याच खोलीत झोपणार नाहीये. मी वसतिगृहात झोपणारे. इथे बघायला आलेल्या मुलांना एक रात्र ठेवून घेतात. नोएमी म्हणून एक मुलगी आहे, तिच्या खोलीत. सप्टेंबरातच ठरलंय. म्हणून तर हीच तारीख हवी होती."

"आणि हे आत्ता सांगतेस?" आम्ही दोघं एकदम म्हणालो. आमचं एकमत झालेलं मला कित्येक वर्षांत आठवत नव्हतं.

"आधी सांगितलं असतं तर परवानगी कुणी द्यायची यावर भांडला असतात."

"परवानगी लागतेच," मी म्हणाले. "वेळापत्रकाप्रमाणे आज तू माझ्याकडे—"

"माझ्याकडे," ड्वेन म्हणाला.

"आई, मी ऑगस्टात अठराची झाले."

"मग?"

"लहानपणी मी रडायचे तेव्हा तूच सांगायचीस ना, अठरा वर्षांची होईपर्यंतच असं, मग कुणी तुला पाठवणार नाही. झाले मी अठराची. संपलं ते वेळापत्रक. ऑगस्टातच संपलं."

मी ड्वेनकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता. अठराव्या वाढदिवसाला दोन केक झाले होते, एक इकडे, एक तिकडे. माझ्याकडच्या मेणबत्त्या मीच पेटवल्या होत्या. आणि पुढच्याच शुक्रवारी मी तिला म्हणाले होते, बॅग भरलीस का, बाबा येतील.

"तुला माहीत होतं, तर मग येत का राहिलीस?" ड्वेनने विचारलं.

"काय करणार? शुक्रवार आला की एक जण बाहेर गाडी चालू ठेवून उभा, एक जण दारात उभा. आज नको, असं कुणाला सांगणार होते मी?"

मी डिकी बंद केली. एका म्हाताऱ्याने आपली खुर्ची हळूच आमच्याकडे पाठ करून वळवली, त्याचे मी मनातल्या मनात आभार मानले.

वसतिगृहापर्यंत आम्ही तिघं चालत गेलो. बॅग तिच्याच खांद्यावर होती. नोएमी खाली घ्यायला आली, पायात मोजे, केसांत पेन्सिल खोचलेली.

"आईबाबा कुठे उतरलेत?" तिने विचारलं.

"दोन वेगवेगळ्या हॉटेलांत," ब्रिटा म्हणाली. "मी इथे."

"सकाळी न्यायला किती वाजता येऊ?" मी घाईघाईने विचारलं.

"नको येऊ. मी कळवेन." तिने आधी मला मिठी मारली की ड्वेनला, ते मी पहिल्यांदाच ध्यानात ठेवलं नाही. दार लागलं आणि आतून दोघींचं हसणं जिन्याने वर वर गेलं.

सकाळी खोलीत बसवेना, म्हणून मी कॉलेजसमोरच्या न्याहारीच्या दुकानात गेले. ड्वेन आधीच तिथे. बसायला दुसरी जागा नव्हती, सगळीकडे लाल स्वेटर. मी त्याच्यासमोर बसले. आम्ही आपापले फोन टेबलावर ठेवले आणि दोन्हींकडे बघत राहिलो. कॉफी आली, गार झाली. एकदा त्याचा फोन वाजला तेव्हा मीही हात पुढे केला, पण ते कुणाच्या तरी गळक्या बॉयलरचं निघालं.

मग दोन्ही फोन एकाच वेळी थरथरले. निरोप दोघांना मिळून एकच होता.

"मस्त झोप लागली. सामना बघून येते. तुम्ही दोघं खाऊन घ्या."

ड्वेनने तो वाचला, पुन्हा वाचला, आणि फोन पालथा ठेवला.

"मला कायम वाटायचं," तो म्हणाला, "तुझ्याकडे तिला नीट झोप लागत नाही."

"मला वाटायचं, तुझ्याकडे," मी म्हणाले.