राशीच्या पोटातला खोका

समोरची बाजू

मित्रांनो, माझ्यात बूट नाहीत. हे आधीच सांगितलेले बरे, म्हणजे झाकण उघडून कुणाचा हिरमोड व्हायला नको. मी बुटांचा एक जुना, रिकामा खोका आहे. माणसाची गोष्ट जन्मापासून सुरू होते. खोक्याला बाजू असतात, म्हणून मी माझी गोष्ट बाजूबाजूने सांगणार आहे. एखादी बाजू राहिली तर समजून घ्या.

पुठ्ठ्याच्या कारखान्यात एका यंत्राने मला सपाट कापले, दुसऱ्याने घड्या पाडल्या आणि एका बाईने दोन्ही तळहातांनी दाबून मला उभे केले. निळा रंग, कडेला रुपेरी रेघ. काळे चामडी बूट पोटात घेऊन मी या दुकानात आलो. एके दिवशी एका गिऱ्हाइकाने ते बूट पायात चढवले, आरशात पाहिले आणि तसाच चालू लागला. खोका राहू द्या, म्हणाला. मी राहिलो.

रिकाम्या खोक्यांना दुकानदाराची बायको, म्हणजे या घरातली आई, काचेत लावायची. काच म्हणजे रस्त्याकडची मोठी खिडकी. खाली रुंद आणि वर निमुळती होत गेलेली अशी रास तिच्या हाताला जमायची की येणारे-जाणारे थबकायचे. केवढा माल आहे यांच्याकडे, असे एकमेकांना म्हणायचे. निळ्या रंगामुळे मला नेहमी पुढची जागा मिळे. ती माझी कौतुकाची वर्षे.

मागची बाजू

राशीच्या मागे काहीच नसे. आई फक्त पुढची भिंत आणि दोन्ही कडा रचायची. मधे पोकळी, आणि वरचे खोके एका आडव्या फळीवर. भरलेले खोके आत कपाटात लागतात, ते काचेत अडकवून दुकान कसे चालायचे? थोरली मुलगी चालायला लागली तेव्हापासून आईच्या हाताखाली हेच करत आली. खोके देणे, कडा जुळवणे, फळी सरकवणे.

उन्हाने माझा रंग उडाला. मग मला माळ्यावर टाकले. पोटात सुटी बक्कले आणि तुटक्या लेस. कुणी वर हात घातलाच, तर तो दुसऱ्या कशासाठी तरी असायचा.

डावी बाजू

इथे एक ओरखडा आहे. त्याला गोष्ट नाही.

तळ

माळ्यावरून खालचे सगळे दिसते आणि ऐकू येते. थोरली सैन्यात अधिकारी व्हायची क्षमता-चाचणी देऊन आली होती. शब्द, तक्ते, विमानातल्या तबकड्या वाचणे, सगळे झकास गेले होते. घात केला तो ठोकळ्यांनी. चित्रात ठोकळ्यांची रास असते. त्यातल्या एकावर खूण असते आणि विचारतात, याला आणखी किती ठोकळे टेकले आहेत? इथे तिची जवळजवळ सगळी उत्तरे चुकली. का, ते तिलाही कळेना.

मिळालेल्या गुणांवर तिला सैन्याच्या कोठारात अधिकारी होता आले असते. तिला विमान चालवायचे होते. चाचणी आणखी एकदाच देता येणार होती आणि अट कडक होती. दुसऱ्यांदा बसलात की पहिले गुण पुसले जाणार. तेव्हा कमी पडली तर विमान नाही, आणि कोठारही नाही.

आत्या सँडल घ्यायला आली आणि तिने विषय काढलाच. हातातले सोडून पळत्याच्या मागे लागायची ही काय हौस, असे बरेच बोलून झाल्यावर तिने विचारले, "एकदा पाहिलं ना त्यांनी तुला? परत तोंड दाखवून काय वेगळं दिसणार आहे?"

थोरलीने आत्याच्या सँडलचा पट्टा एक भोक जास्त आवळला.

गिऱ्हाईक नसले की दोघी बहिणी सरावाची चित्रे घेऊन बसायच्या. थोरली उत्तर द्यायची, धाकटी ताडून बघायची. एका दुपारी धाकटी वैतागली.

"ताई, तीन काय? मधले कुठे गेले?"

"मधे काही नाही."

"काही नाही कसं? मग वरचा कशावर बसलाय?"

"फळीवर," थोरली म्हणाली.

चित्रात फळी नव्हतीच. बाबा आधी खो खो हसले आणि आईचे तोंड पाहून मधेच थांबले. आई काच पुसत होती. फडके तिच्या हातात तसेच राहिले.

"माझ्या हाताची सवय लागली गं तुला," ती म्हणाली. मग तिने पदर खोचला. "माळ्यावरचे सगळे खोके उतरवा. कपाटातलेही काढा."

आतली बाजू

सुट्टीचा दिवस होता. शटर अर्धे खाली. घरातल्या चौघांनी दुकानाच्या मधोमध एक रास उभी केली, आणि या वेळी खरी. फळी नाही, पोकळी नाही. भरलेले, रिकामे, पोरांच्या चपलांचे, लांबुडके गमबुटांचे, सगळे एकमेकांना लागून. मला उचलून आईने राशीच्या पोटात ठेवले आणि माझ्याभोवती रचत गेली.

यापुढे मला दिसलेले नाही. जे सांगतो ते अंधारातून.

वर भार.

खाली कुणीतरी.

उजवीकडे थंड, चामड्याचा वास.

माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्या सगळ्या बाजूंना कुणी ना कुणी टेकले होते. काचेत उभा असताना माझी पाठ नेहमी उघडी असे.

बाहेर थोरली राशीभोवती फिरत होती. तिची पावले थांबत, पुन्हा सुरू होत. तिने हात न लावता, रचताना पाहिलेले आणि बाहेर दिसणाऱ्या कडा यांवरून निळ्याला कोण कोण टेकले आहे ते सांगायचे, असे ठरले होते. मग तिचा आवाज आला, सावकाश, जणू ती कुणाला उठवत होती.

"मधे निळा आहे. त्याच्यावर दोन आडवे, अर्धे-अर्धे बसलेत. खाली एकच, पण मोठा. उजवीकडे गमबूट. डावीकडे दोन. मागे एक, पुढे एक."

ती एकेकाचे नाव घेत होती आणि मला तो तो शेजारी अंगाला जाणवत होता. वरचे दोन. हो. मोठा तळाशी. हो. मागचा तर मलाही नीट कळला नव्हता. तिने सांगितल्यावर मी लक्ष दिले आणि तो तिथे होता.

मित्रांनो, मी पुठ्ठा आहे. मला रोमांच येत नाहीत. पण त्या वेळी माझ्या चारही घड्या ताणल्या गेल्या. ही मुलगी बाहेर उजेडात उभी राहून अंधारातल्या जागा ओळखत होती. एवढ्या भिंतींच्या पलीकडे तिने काय पाठवले असेल? नजर तर पुठ्ठ्यापाशीच अडते. माणसाच्या डोक्यात असे काय असते, जे न मोडता, न उघडता आत येते, हे मला आजवर उमगलेले नाही.

मग रोजच रास. आई दर वेळी वेगळी रचायची आणि चढत्या श्रेणीने अवघड करायची. बाबा म्हणाले, गिऱ्हाइकांनी बसायचे कुठे? तरी तेच खोके पुरवत. एकदा सगळी रास कोसळली आणि माझा एक कोपरा फाटला. धाकटीने चिकटपट्टी लावली. पुढे पुढे थोरलीच्या डोक्यात राशी इतक्या भिनल्या की बोलता बोलता ती हरवू लागली. सहा नंबरच्या पायाला तिने नऊ नंबरचा जोड आणून दिला.

"अगं, सैन्यात रणगाडा मागितला तर होडी देशील," बाबा म्हणाले.

"होडीला किती जण टेकलेत तेवढं बरोबर सांगेन," ती म्हणाली.

झाकण

चाचणीच्या दिवशी मी काउंटरवर होतो, पोटात बिलांच्या वह्या. ती संध्याकाळी आली. गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून तिने बूट काढले आणि पायाची बोटे हलवत राहिली. कुणी काही विचारले नाही. या घराला न विचारणे अजिबात जमत नाही, तेवढी वेळ सोडली तर.

"मधला होता, आई," ती शेवटी म्हणाली. "प्रत्येक चित्रात होता. मागच्या वेळीही असणार. मी बघितलाच नव्हता."

"आता बघितलास ना?"

"बघितला. पुरेसा बघितला की नाही, माहीत नाही."

पहिले गुण तोवर पुसले गेले होते. हातात काहीच नव्हते. मग वाट पाहण्याचे दिवस. आई काचेत नेहमीसारखी पोकळ रास लावत होती, कारण दुकान ते दुकानच.

निकाल आला तेव्हा दुकानात गर्दी होती. बाबा गुडघ्यावर बसून एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या बुटाची लेस बांधत होते. धाकटीने फोनवर वाचले, पुन्हा वाचले, आणि हळूच म्हणाली, "वैमानिक शाखा." ठोकळ्यांत दोन-तीन उत्तरे चुकली होती, पण निवड झाली होती.

बाबांनी मान वर केली नाही. त्यांनी लेसची गाठ पूर्ण मारली, दोन्ही फास सारखे केले, मग दुसऱ्या पायाकडे वळले आणि तिथली लेस, जी आधीच बांधलेली होती, पुन्हा सोडून बांधू लागले. म्हाताऱ्याने पाय पुढे करून ठेवला. त्याला कळले होते. आई थोरलीपाशी गेली आणि तिच्या खांद्यावरचा धागा झटकल्यासारखे करत राहिली. धागा नव्हता.

मित्रांनो, खोके जपा, असे मी सांगणार नाही. पुठ्ठ्याचे काय, पुन्हा पुठ्ठाच होतो. एवढेच मागतो. तुमच्या घरात कुणी तीच परीक्षा दुसऱ्यांदा द्यायला बसले असेल, तर "अजून?" असे विचारू नका. त्याच्या खोलीत शिरताना पावले जरा हलकी टाका. त्याच्या डोक्यात एक रास उभी राहते आहे, आणि तिचा वरचा खोका अजून त्याच्या हातात आहे.