शेवटच्या दोन चौकटी

चमचा बरणीत सरळ उभा होता, कुणी न धरता. मध साखरला होता. “भेसळ तर नाही ना हो?” असं शेजारीण परवा म्हणाली, तेव्हा आजीला सांगावंसं वाटलं होतं, बाई, चांगला मधसुद्धा साखरतो… पण ही रुसली तर दुपारी दार वाजवणार कोण? म्हणून ती नुसती हसली होती.

बरणी तिनं गरम पाण्यात ठेवली – उकळत्या नव्हे, हाताला सोसेल इतक्याच, हे ठेवायचे तशी. मधासाठी माणसं यायची. कुणाच्या पोराला खोकला, कुणाचं बोट भाजलेलं. कोपऱ्यावरच्या शिंपिणीला सकाळी कोमट पाण्यातून हवा असायचा, वजनासाठी, आणि वजन काही केल्या हलत नव्हतं. येत, घटकाभर टेकत. हे गेल्यावर तेवढाच घरात आवाज.

“मधमाश्यांच्या पेटीतल्या शेवटच्या दोन चौकटींना हात लावायचा नाही,” हे दर वर्षी बजावायचे. “फुलं नसतात तेव्हा माश्यांनी खायचं काय?” चाळीस वर्षं ऐकलं. आणि एका मंगळवारी – चार दिवसांत घरात माणूस फिरकलं नव्हतं, बरण्या संपल्या होत्या – तिनं माश्यांना धूर द्यायचं धुराडं पेटवलं, त्याही दोन चौकटी काढल्या. शिंपीण आली, तासभर बसून सुनेच्या कागाळ्या सांगून गेली. किती बरं वाटलं मला त्या दिवशी, खोटं कशाला बोलू… आठव्या दिवशी पेटी रिकामी. एकूण एक माशी निघून गेलेली.

याला तीन आठवडे झाले, आणि लेकीला अजून सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? लेक दोन वर्षं म्हणतेय, आई, माझ्याकडे चल; आणि दोन वर्षं तिचं एकच उत्तर, अगं, माश्यांना कोण बघणार? माश्या नाहीत म्हटलं की सामान बांधा, लेकीच्या बाहेरच्या खोलीत कॉट टाका, चहासुद्धा विचारून करा. स्वतःचं घर सुटलं म्हणजे सुटलंच.

साडेनऊला फोन वाजला.

“आई, छोटीला शाळेत मधमाश्यांवर बोलायचंय. फोन जरा पेटीजवळ धर ना. आवाज ऐकायचाय तिला.”

मागच्या अंगणात येऊन तिनं पेटीचं झाकण उचललं. मेणाचा वास आला. आत एक मुंगी फिरत होती. फोन आत धरला, आणि तेवढ्यात तिचं ठरूनही गेलं – आता लेक विचारेल, आई, आवाज कुठंय? आणि मी सांगून टाकीन. चुकले म्हणीन. ये न्यायला म्हणीन. कॉट तर कॉट… छोटी रात्री जवळ झोपेल…

फोन कानाला लावला.

“आला गं आवाज, मस्त,” लेक म्हणाली. “खरंय तुझं, त्यांना टाकून कशी येणार तू? तिथंच बरी आहेस. चल, बस येईल माझी.”

फोन ठेवला गेला. ती पेटीत बघत राहिली. माश्याच नाहीत, मग आवाज आला कुठून? मुंगी चौकटीच्या कडेनं वर चढत होती. दोन वर्षं नको नको म्हटलं, आणि आज लेकीनं आणखी एकदा विचारलं असतं तर…

तिनं झाकण लावलं. हे लावायचे तसं, हळूच, एकही माशी चिरडू नये म्हणून.