निळी केबल

कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या दोन नेटवर्क स्विचमध्ये दोन केबल जोडायच्या म्हटलं की गिरिजाला धास्ती वाटायची. सहा वर्षं नेटवर्कचं काम करूनही. मागच्या नोकरीत तिनेच अशा दोन केबल लावल्या होत्या आणि त्यातली एक रोखून धरायची सेटिंग विसरली होती. कॉम्प्युटरचे तेच ते निरोप दोन्ही वाटांनी गरागरा फिरत राहिले आणि अख्खं ऑफिस चार तास आडवं झालं. 

आज रविवार. भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कजवळच्या हॉस्पिटलात ओपीडी बंद होती, म्हणून तिला दुपारी दोन ते चारची वेळ मिळाली होती. जुन्या इमारतीत लॅब, नव्या इमारतीत आयसीयू आणि मध्ये दोन केबल, पिवळी आणि निळी. आजवर एकच केबल राबायची, दुसरी नुसती राखीव. कॅमेऱ्यांची चित्रं आणि पेशंटचे रिपोर्ट एकाच वाटेने रेटारेटी करत जायचे. गिरिजाला मल्टिपल स्पॅनिंग ट्री लावायचं होतं: कॅमेरे पिवळीवरून, रिपोर्ट निळीवरून, आणि एक तुटली तर तिचा भार आपोआप दुसरीवर.

सुरू करण्याआधी तिने आयसीयूच्या सुगंधा सिस्टरांना फोन केला.

"पाटीलआजींचा पोटॅशियमचा रिपोर्ट यायचाय," सिस्टर म्हणाल्या. "बंद नाही ना पडणार?"

"मधे दोन-चार सेकंद थांबेल, सिस्टर. तेवढंच."

बोलून गेली, पण मागचे ते चार तास विसरली नव्हती.

जुन्या इमारतीच्या सर्व्हर रूममध्ये बसून तिने लॅपटॉपवरून दोन्ही स्विचची सेटिंग केली. नव्या इमारतीतल्या रॅकजवळ मेंटेनन्सचे बबनकाका मोबाइल कानाला लावून उभे होते. सगळं करून बघितलं, तर पिवळी अजूनही झोपलेलीच. सगळा भार निळीवर.

"काय झालं, मॅडम?"

"थांबा काका, बघतेय."

दोन स्विचनी एकमेकांना एकाच गटातलं मानायचं तर गटाचं नाव, नंबर आणि वाटणीची यादी तंतोतंत जुळावी लागते. नंबर जुळत होता. यादी तिने बोट ठेवून दोनदा वाचली, तीही जुळत होती. मग नाव. एका स्विचवर पहिलं अक्षर कॅपिटल, दुसऱ्यावर स्मॉल. तिचीच टायपिंगची घाई! माणसाने चालवून घेतलं असतं, यंत्र कसलं घेतंय? तिने नाव दुरुस्त केलं. तीन सेकंदांत दोन्ही केबल कामाला लागल्या.

आता फक्त परीक्षा: एकेक केबल काढून बघायची. निळीची परीक्षा आजींचा रिपोर्ट आल्यावरच घ्यायची, आधी कॅमेऱ्यांची पिवळी, असं तिने ठरवलं होतं.

"काका, निळी राहू दे, पिवळी काढा."

फोनमध्ये खरखर झाली.

"काढली, मॅडम."

स्क्रीनवर निळीचा दिवा विझला.

"काका! कुठली काढलीत?"

"निळी. तुम्हीच म्हणालात ना निळी?"

 'लावा परत' म्हणायला गिरिजाने तोंड उघडलं, तोच टेबलावरचा फोन खणाणला. सुगंधा सिस्टर. झालं, तिला वाटलं.

"मॅडम, आजींचा रिपोर्ट आला हो."

"कधी आला?"

"आत्ता. हे काय, माझ्यासमोर उघडलाय. नॉर्मल आहे. डॉक्टरांना कळवते." फोन ठेवलाही त्यांनी.

गिरिजाने स्क्रीनकडे बघितलं. निळी बंदच होती. रिपोर्ट पिवळीवरून गेला होता, कॅमेऱ्यांच्या सोबतीने, कुणाला पत्ता न लागता. तिला एकदम हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

"मॅडम, चुकलं का काय माझं?" मोबाइलवर बबनकाका अजून घाबरलेलेच होते.

"नाही हो काका. तुम्ही माझी सगळ्यात अवघड परीक्षा पार पाडलीत. लावा ती परत."

"म्हणजे पास?"

"पास."

"मग चहा सांगतो," काका म्हणाले. "सोबत वडापाव चालेल ना? सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही तुम्ही."

खरंच खाल्लं नव्हतं. भूक लागल्याचं तिला आत्ता कळलं. सेटिंग सेव्ह करून तिने लॅपटॉप मिटला, तेव्हा घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"चालेल," ती म्हणाली. "दोन सांगा."