पान सतरा: चालणारा मासा

लहान मुलांच्या पुस्तकात चूक करणं ही पुढच्या पिढीशी गद्दारी आहे. हे वाक्य मी प्रस्तावनेत लिहिलंय. चूक सतराव्या पानावर आहे.

पुस्तक प्रागैतिहासिक प्राण्यांचं, चित्रं रंगीत. सतराव्या पानावर पुढच्या परांवर अंग रेटत चिखलातून वर येणारा मासा, आणि खाली माझा मजकूर: 'कोट्यवधी वर्षांपूर्वी काही मासे असे जमिनीवर येत. आज एकही मासा चालत नाही.'

डोंबिवली पश्चिमेच्या एका शाळेत मी हे वाचून दाखवलं, तेव्हा चौथीतली दक्षता उभी राहिली.

"सर, आमच्या खाडीत चालतात. निवट्या. माझी आजी पकडते."

"बाळ," मी माइकमध्ये म्हणालो, "आज्या गोष्टी फार छान सांगतात."

मुलं हसली. बाईही हसल्या. दक्षता बसेना, म्हणून तिला बसवण्यात आलं. तिच्या प्रतीवर सही करताना मी वर लिहिलं: 'कल्पना आणि सत्य यांतला फरक ओळखायला शीक.' अक्षर माझं चांगलं आहे.

दुसऱ्या दिवशी त्याच शाळेच्या बक्षीस समारंभात मी पाहुणा होतो, तेव्हा तिची आजी सगुणाबाई स्टेजवर चढली. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात घमेलं.

"लेखक तूच काय रं? माझे नातीला खोटारडी केलीस?"

तिने घमेलं टेबलावर ठेवलं. एक निवटी काठावर चढली, बाहेर पडली आणि पुढच्या दोन परांवर रेटत माझ्या पुस्तकाचं मुखपृष्ठ ओलांडून गेली.

"सर, चालतोय! सर, सर!" मुलं ओरडली.

"आता पोरांना सांग," सगुणाबाई म्हणाली. "पोरगी खरा बोलली, येवढाच सांग."

माइक चालू होता. वाक्य तीन शब्दांचं होतं.

"विज्ञानात," मी म्हणालो, "काही अपवाद असतात."

टाळ्या पडल्या. दक्षता निवटी उचलून घमेल्यात ठेवत होती. मग तिने हात फ्रॉकला पुसले आणि तिची प्रत माझ्यापुढे उघडून धरली.

"सर, हे खोडा ना."

"शाईचं आहे गं. पान खराब होईल."

ती प्रत मिटून आजीमागून गेली.

मी डोंबिवलीशेजारी कोपरला राहतो. ज्या टेबलावर हे पुस्तक लिहिलं, त्याच्यासमोरची खिडकी खाडीवर उघडते. खाली चिखल आहे, चिखलात निवट्या आहेत. डासांमुळे ती खिडकी आम्ही बंद ठेवतो.