अण्णांच्या तळहातावरचा थेंब

मी एक जुना पितळी डाव आहे. मित्रांनो, तुमच्या घरी असतात ते नाजूक डाव निराळे. माझा दांडा हातभर लांब आहे आणि मी एकदा बुडालो की माणसाची वाटी भरूनच वर येतो. जबलपूरला सदरच्या बाजारात श्रीकांतरावांची मराठी खाणावळ आहे, तिथल्या स्वयंपाकघरात माझं आयुष्य गेलं. मला डाव म्हणणारी माणसं इथे मोजकीच, बाकीचे करछुल म्हणतात. मी दोन्ही नावांना ओ देतो.

माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथल्या कारागिराने ठोकून ठोकून मला घडवलं आणि आतून कल्हई केली. श्रीकांतराव तेव्हा कारखान्यातून निवृत्त होऊन खाणावळ काढायच्या खटपटीत होते. एका लग्नाला म्हणून ते भंडाऱ्याला आले आणि मला घेऊन गेले. आल्या दिवशीच त्यांनी मला अण्णांच्या हातात दिलं. अण्णा म्हणजे खाणावळीचे आचारी. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि "वजन बरं आहे" एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं येणं म्हणजे पुष्कळ झालं, हे मला पुढे कळलं.

अण्णांची एक रीत होती. पाटवडीचा रस्सा असो, कढी असो की साधं वरण, पातेलं उतरवण्याआधी ते माझ्यातून एक थेंब डाव्या तळहातावर घेत. डाव तोंडाला लावायचा नाही, उष्टं करायचं नाही. थेंब चाखायचा, जरा डोळे मिटायचे आणि "हं" म्हणायचं. त्या "हं"शिवाय काही बाहेर जात नसे. लोक बोटं चाटून जेवत, वाहवा अण्णांची होई, आणि मी आपला मनातल्या मनात फुगत असे.

मधे वाईट दिवसही आले. स्टीलचे चकचकीत डाव आले. माझी कल्हई उडाली आणि कल्हईवाला काही या बाजूला फिरकेना. मी खिळ्याला लटकून धूळ खात राहिलो. शेवटी अण्णांनीच मला पिशवीत घातलं आणि अधारतालला एका कल्हईवाल्याकडे नेलं. परत आलो तो आतून लखलखीत होऊन. तेव्हापासून मी खाणावळीचा कमी आणि अण्णांचा जास्त झालो.

श्रीकांतराव थकल्यावर त्यांची मुलगी रुचिरा खाणावळ बघू लागली. ती हॉटेलचं रीतसर शिक्षण घेऊन आलेली. मराठी सगळं समजायचं, बोलताना मात्र हिंदीत घसरायची. अण्णांवर तिचा फार जीव.

गेल्या हिवाळ्यात अण्णांना ताप आला. बरे होऊन कामावर आले, रस्सा केला, थेंब चाखला, डोळे मिटले. पण "हं" येईना. त्यांनी दुसरा थेंब घेतला. रुचिरा बघते आहे असं दिसताच ते घाईघाईने "हं" म्हणाले. मित्रांनो, खरं काय झालं ते फक्त मला कळलं. त्यांच्या नाकाचा वास गेला होता आणि जिभेची चवही.

अण्णांनी हे कुणाला सांगितलं नाही. चव गेलेल्या आचाऱ्याला कोण ठेवणार, ही धास्ती त्यांच्या मनात बसली. ते कांद्याचा रंग बघून आणि उकळीचा आवाज ऐकून स्वयंपाक करू लागले. इतक्या वर्षांचा हात होता, म्हणून निभावलं. मी मात्र रोज भीत भीत पातेल्यात उतरत असे.

अशात एके दिवशी प्रणोती आली. ही विजय नगरची मुलगी शहरातल्या हलवायांशी, आचाऱ्यांशी, मोठ्या हॉटेलांतल्या शेफशी त्यांच्या कामाच्या गप्पा मारते आणि त्या मोबाईलवर टिपून लोकांना दाखवते. दुपारच्या जेवणांआधी तिने अण्णांना स्टुलावर बसवलं. मी त्यांच्या हातातच होतो.

"अण्णाजी, इतकी वर्षं एकच चव कशी ठेवता?"

"आचाऱ्याचं पहिलं नाक," अण्णा म्हणाले. "जीभ मागून येते. मी इथं बसल्या बसल्या सांगून देतो, कोणत्या शेगडीवर काय होऊन राहिलं."

आणि नेमका त्याच वेळी मागे रस्सा बुडाला लागला. करपल्याचा वास खोलीभर झाला. प्रणोती गोंधळून शेगडीकडे बघू लागली. बाहेरून रुचिरा धावत आली. अण्णा आपले नाकाचं महत्त्व सांगतच होते.

रुचिराने शेगडी बंद केली. "अण्णा, रस्सा जल गया."

अण्णांनी पातेल्याकडे बघितलं, मग दोघींच्या तोंडाकडे बघितलं. प्रणोतीने न सांगता मोबाईल पालथा ठेवला.

"काहून नाही सांगितलं मला?" रुचिराने हळूच विचारलं.

"काय सांगू बेटा? तापापासून काहीच समजून नाही राहिलं. मिठाचं पाणी अन् साधं पाणी, सगळं एकच." त्यांनी मला ओट्यावर ठेवलं आणि खांद्यावरच्या पंच्याची घडी केली. "दुसरा माणूस पाहून घे. तुझ्या बाबांचं नाव खराब नको व्हायला."

ते दाराशी गेले. मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात रुचिराने मला उचललं, शेजारच्या शेगडीवरच्या कढीत बुडवलं, तळहातावर थेंब घेतला आणि चाखला.

"ठीक है," ती म्हणाली.

अण्णा वळले. "ठीक म्हणजे काय?"

"मतलब... थोडी खट्टी है."

"आंबट. कुठं लागते? जिभेच्या काठाला का घशाशी?"

तिने डोळे मिटले. "घशाशी."

"मग ताक जुनं आहे. गुळाचा खडा टाक अन् एक उकळी येऊ दे." बोलता बोलता ते शेगडीपाशी आले होते. "आता?"

"आता बरी आहे."

"बरी का चांगली?"

"चांगली आहे, अण्णा. तुमच्यासारखी."

अण्णांनी पंच्यात तोंड लपवलं. मग पंचा पुन्हा खांद्यावर टाकला आणि कांदा चिरायला घेतला.

आता थेंब रुचिराच्या तळहातावर पडतो. अण्णा विचारतात, ती सांगते. नुसतं "ठीक है" त्यांना चालत नाही, म्हणून अळणी, तुरट, मचूळ, उग्र असे सगळे शब्द ती शिकली. प्रणोतीने त्या दिवशीच्या गप्पा दाखवू का म्हणून विचारलं, तर अण्णा म्हणाले, "दाखव. सगळं दाखव." त्यानंतर मोठ्या हॉटेलातले एक शेफ अण्णांना भेटायला आले. त्यांचीही चव गेली होती आणि त्यांनी ते घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. दोघं ओट्याशी बसून पुष्कळ बोलले.

मित्रांनो, माझं एक मागणं आहे, पण ते माझ्यासाठी नाही. तुम्ही कुठेही जेवा, पण उठल्यावर स्वयंपाकघराच्या दाराशी जरा थांबा. नुसतं छान म्हणून निघू नका. काय छान होतं आणि काय कमी पडलं, ते आतल्या माणसाला नीट सांगा. आमचे अण्णा सगळ्यांच्या मागून जेवायला बसतात, तेव्हा रुचिरा शेजारी बसते. ते घास तोंडात घेतात आणि तिच्याकडे बघत थांबतात. ती आपल्या पानातला घास खाऊन सांगते, "वांगं गोड आहे, अण्णा. मसाला जरा उग्र झाला." मग अण्णा चावू लागतात.