दर दहावी मात्रा

मंगळवारी सव्वापाचला व्हर्लिन हूकसेमाने स्वयंपाकघरातला दिवा लावला, कॉफी ठेवली आणि ती होईपर्यंत उभ्या उभ्याच ओटची लापशी संपवली. मग कप घेऊन तो तळघराच्या अकरा पायऱ्या उतरला. बाकापाशी बसण्याआधी त्याने दोन्ही कानांतली ऐकायची यंत्रे काढून बशीत ठेवली. काडतुसे भरायच्या प्रेसची करकर त्यांतून थेट डोक्यात शिरे. तराजूच्या दांडीवरची धूळ त्याने मऊ ब्रशने झटकली, पितळी वजन पारड्यात ठेवले आणि काटा खुणेवर स्थिरावेपर्यंत श्वास रोखून पाहत राहिला. बाकावर बारुदाचा एकच डबा होता. एक डबा आत ठेवल्याशिवाय दुसरा बाहेर काढायचा नाही, हा नियम त्याने छत्तीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता.

मग त्याने दोन आठवड्यांच्या रिकाम्या पुंगळ्यांची पिशवी ओतली. त्याची मुलगी रनी दर शनिवारी क्लबात पिस्तुलाच्या सामन्याला जाई; काडतुसे बापाने भरलेली असत, आणि उडालेल्या पुंगळ्या ती वेचून त्याला परत आणून देई. प्रत्येक पुंगळीच्या बुडावर व्हर्लिन शाईची हिरवी रेघ ओढत असे. आज त्याने पहिली पुंगळी उलटी केली. रेघ नव्हती. दुसरीला नव्हती. शंभरच्या शंभर पुंगळ्या दुकानातल्या काडतुसांच्या निघाल्या.

त्याने दोन्ही शुक्रवारी स्वतःच्या हाताने भरून दिलेल्या काडतुसांतले एकही उडाले नव्हते.

आता त्याला आणखी काही काही आठवू लागले. चिमटा परवा तराजूच्या डावीकडे होता. तो नेहमी उजवीकडे ठेवी. पितळी वजन डबीत उलटे बसवलेले होते. घरात माणसे तीनच. रनी, तो, आणि रनीचा नवरा कर्टिस, जो पवनचक्कीची पाती बनवणारा कारखाना बंद पडल्यापासून, म्हणजे मे महिन्यापासून, वरच्या खोलीत राहत होता आणि फारसे बोलत नव्हता.

न्याहारीला रनी घाईत होती. तिची वृद्धाश्रमातली पाळी सातची असे.

"शनिवारी कशा चालल्या गोळ्या?" व्हर्लिनने विचारले.

"मस्त! डॅड, तुझा हात हल्ली फारच सुधारलाय. एकही वाकडी गेली नाही."

"हल्ली म्हणजे?"

"म्हणजे दोन आठवडे. आता म्हातारपणी शिकायला लागलास की काय?" ती हसली आणि किल्ल्या घेऊन निघून गेली.

कर्टिस टोस्टला लोणी लावत होता. तो हसला नाही, त्याने वरही पाहिले नाही. ते लोणी त्याने कडेपर्यंत इतके निगुतीने पसरले की व्हर्लिनला त्याचा रागच आला.

मी भरलेली काडतुसे नेतो कुठे हा? विकतो? की त्यांत काही करून ठेवतो? ज्याला बारुदातले काही कळत नाही अशा माणसाने बारूद मोजून टाकणाऱ्या यंत्राचा एक स्क्रू फिरवला, तर रनीच्या हातात पिस्तूल फुटू शकत होते. बारुदाची मात्रा जास्त झाली तर फुटणारच. कमी झाली तर त्याहून वाईट: गोळी नळीतच अडकते, माणसाला कळत नाही, आणि तो पुढची झाडतो.

बुधवारी वर जाताना त्याने तराजूच्या पारड्यात ओटचा एक दाणा ठेवला. गुरुवारी पहाटे दाणा पारड्यात नव्हता. तो बाकाच्या कडेला, अगदी मधोमध, काळजीपूर्वक ठेवलेला होता.

गुरुवारी नऊला व्हर्लिन रोजच्यासारखा सहकारी गोदामाच्या कॅन्टीनला निघाला. त्याच गोदामाच्या वजनकाट्यावर त्याने एकतीस वर्षे मक्याच्या गाड्या तोलल्या होत्या. वीस पौंडांच्या फरकासाठी सख्ख्या मेहुण्याची गाडी परत पाठवली होती. कोपऱ्यावर त्याने ट्रक थांबवला, पाच मिनिटे बसून राहिला आणि चालत मागे आला. तळघराला अंगणातूनही एक दार होते. कानांत यंत्रे होती, म्हणून दारापाशीच त्याला आवाज ऐकू आला. ठक. ठक. ठक.

कर्टिस बाकापाशी वाकून बसला होता. हातात प्लास्टिकचा पोकळ हातोडा, ज्यात काडतूस बसवून आपटले की गोळी आणि बारूद सुटे होतात, समोर केक भाजायचा साचा, आणि साच्याच्या प्रत्येक खळग्यात बारुदाचा इवलासा ढीग.

"चोराला निदान दार लावून घ्यायची अक्कल असते," व्हर्लिन म्हणाला.

कर्टिस दचकला, पण हातोडा त्याने आधी सावकाश खाली ठेवला आणि मगच तो वळला. "बारूद सांडेल, व्हर्लिन. जरा हळू बोला."

"माझ्या घरात मी हळू बोलू? काय चाललंय हे?"

"तोलतोय."

"माझं तोललेलं तू तोलतोस? गाडी तोलायचा काटा तरी बघितलास का कधी?"

"नाही. पण ओटचा दाणा तोलला. अर्धा ग्रेन भरला." त्याने एक कागद पुढे सरकवला. "हे बघा. मग हव्या तेवढ्या शिव्या द्या."

ग्रेन हे वजन सोनाराच्या गुंजेहूनही हलके. त्याच्या दहाव्या हिश्शालाही या कामात किंमत असते. कागदावर बारीक, सरळ अक्षरांत आकडे होते. ४.२, ४.२, ४.१, ३.३, ४.२. मध्येच २.६. पुन्हा ४.२, म्हणजे ठरलेली मात्रा.

"तूच मोजणीच्या यंत्राला हात लावलास."

"हे सगळं मी तळघरात पाय ठेवण्याआधी भरलेलं आहे. हिरवी रेघ बघा. तुमचीच ना?" कर्टिसने कपाळ चोळले. "तीन आठवड्यांपूर्वी मी तिच्याबरोबर क्लबात गेलो होतो. एक गोळी फुसकन सुटली, समोर मातीत पडली. ती हसली. शेजारचा म्हातारा हसला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, दुसऱ्याने भरलेली गोळी आपल्यात कुणी वापरत नाही, बायकोला सांग. मी सांगितलं. तर म्हणते, डॅडची गोळी दुसऱ्याची नसते."

व्हर्लिनने एक काडतूस उलटे करून हिरवी रेघ पाहिली.

"म्हणून दुकानातल्या आणून तुमच्या डब्यात भरल्या. तिला माहीत नाही."

"मी दर दहावी मात्रा तोलतो," व्हर्लिन म्हणाला. आवाज चढला होता, पण त्याचा त्यालाच पोकळ वाटला. "छत्तीस वर्षं. दहावी कधी चुकलेली नाही."

"मग भरून दाखवा. मी पाठ फिरवून बसतो, नुसता ऐकतो."

व्हर्लिनने मोजणीच्या यंत्रात बारूद ओतले आणि दांडा वर नेला. दांडा टोकाला भिडला की एक टक, खाली आला की दुसरी टक. दोन्ही पडल्या तरच मात्रा पुरी. ही खूण त्याने स्वतःच, कान धड होते तेव्हा बसवली होती. कर्टिस भिंतीकडे तोंड करून मोजत होता.

"दोन. दोन. दोन. एक."

व्हर्लिन थांबला. दांडा वर गेल्यासारखा हाताला वाटला होता. टोक मात्र बोटभर दूर होते.

"चालू द्या. दोन. एक. दोन. दोन. दोन."

पुढची दहावी. व्हर्लिनला स्वतःचा हात दिसला: आपोआप सावध झालेला, खांद्यापासून ताठ, दांडा टोकाला नेऊन टेकवणारा. टक. टक. त्याने ती मात्रा तोलली नाही. ती बरोबर असणार हे त्याला ठाऊक होते. पुढे वजनकाटा आहे हे ठाऊक असलेला गाडीवान कसा चाकाखालची माती आधीच झटकून येतो, तसाच त्याचा हात दर दहाव्या खेपेला येत होता. कानांतली यंत्रे बशीत काढून ठेवलेली असत, म्हणून मधल्या नऊ खेपांचा आवाज त्याला येतच नव्हता.

"रनीला सांगणार आहेस?" दांडा सोडत त्याने विचारले.

"मी? ती माझं टाळकं फोडेल. म्हणेल, माझ्या बापावर पाळत ठेवतोस."

"पाळत मीच ठेवत होतो. तुझ्यावर."

"कळलं ते. एवढा मोठा दाणा होता, व्हर्लिन."

शनिवारी सकाळी रनी बॅग भरत होती. काडतुसांच्या डब्याच्या झाकणावर व्हर्लिनच्या अक्षरांतली जुनी चिकटपट्टी होती. त्याने नखाने एक कोपरा उचलला आणि ती पुरी सोलून काढली. आत दुकानातली पन्नास होती.

"या माझ्या नाहीत," तो म्हणाला. "मागच्या दोन खेपांच्याही नव्हत्या. कर्टिसने आणल्यात. माझ्या वापरू नकोस, मी सांगेपर्यंत."

तिने त्याच्याकडे पाहिले, मग नवऱ्याकडे. मग डबा बॅगेत ठेवला.

गाडी गेल्यावर व्हर्लिन तळघरात उतरला आणि सवयीने कानांतली यंत्रे बशीत ठेवली. मोजणीच्या यंत्राचे दोन्ही बोल्ट त्याने काढले, आतले बारूद डब्यात परत ओतले, झाकण लावले आणि यंत्र फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवले. हिरव्या रेघेची तीनशे दहा काडतुसे उरली होती. त्याने पहिले हातोड्यात बसवले. दुसरे स्टूल बाकाजवळ ओढले, जिन्याकडे तोंड करून कर्टिसला हाक मारली, आणि बशीतली यंत्रे कानांत घातली.