जागेवर वळणारं मशीन

लॉनचं गवत कापायला मशीन घ्यायचं, असं गोपालनं ठरवलं, आणि रंजनाबाईंना ते नको होतं. नको म्हणावं तर पोरगा कारण विचारणार, आणि ते कारण पोराला सांगायचं कोणत्या तोंडानं?

प्रकाशा गावात, तापीच्या अंगाला त्यांचा बंगला आणि पुढं एकराला थोडं कमी असं लॉन. गावानं काय कमी हसून घेतलं होतं? केळी पिकवणारी काळी जमीन, आणि पाटलांनी तिच्यावर म्हशीच्याही उपयोगाचं नाही असं गवत लावलं. लोकांना वाटलं, गोपालचे चोचले. गोपालचं काही चाललंच नव्हतं हो त्यात. हट्ट त्याच्या वडिलांचा, उमाकांतआबांचा. "या तुकड्यात नांगर घालायचा नाही, पाया खोदायचा नाही. गवत लावा," एवढं बोलून आबांनी विषय मिटवला होता.

का, ते रंजनाबाईंना ठाऊक होतं. गोपालच्या आधी त्यांना मुलगी झाली होती, ती पाचवी पुजायच्या आतच गेली. तान्ह्या लेकराला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. तिथं बायांनी जायचं नसतं, आईनं तर नाहीच नाही. बाळंतिणीच्या खाटेवरून त्यांनी पाहिलं, आबा फडक्यातलं गाठोडं छातीशी धरून, कुदळ घेऊन केळीत शिरले. पानांआड गेले, मग कुठं थांबले ते दिसलं नाही.

पुढं एकदाच विचारलं त्यांनी. "तुले काय करनं शे?" म्हणाले आणि भरल्या ताटावरून उठले. मग विचारू, सवडीनं विचारू, म्हणता म्हणता आबांचं डोकंच रिकामं होत गेलं. आता गोपाल त्यांना पाहुणा वाटतो, आणि रंजनाबाईंना ते स्वयंपाकाची बाई समजतात, भाजीत तिखट कमी टाक म्हणतात. देह तेवढा घरात राहिलाय. ज्याला ठाऊक होतं तो माणूस निघून गेला, आणि रंजनाबाईंना स्वतःचाच संताप यायचा की आपण वेळेवर तोंड का उघडलं नाही.

त्या लॉनवर त्या कधी सरळ चालल्या नाहीत. दिवेलागणीला गवत कुठंतरी दबलेलं दिसायचं, कुणी कुशीवर निजून उठल्यासारखं. सकाळी पाहावं तर तिथं काहीच नाही, दबलेली जागा भलतीकडेच. पाऊल टेकायच्या आधी मनात यायचं, इथं तर नाही ना? मग उचललेलं पाऊल तसंच मागं. सून नूतन विचारायची, "आई, काटा टोचला का?" त्या हो म्हणायच्या. गवत कापायलाही त्या विळा घेऊन बसणाऱ्या बायाच लावायच्या. पण यंदा त्या बाया ऊसतोडीला गुजरातेत गेल्या आणि गवत घोट्याच्या वर आलं.

शहाद्याहून मशीनवाला करणसिंग पिकअपमध्ये दोन मशीनं टाकून आला आणि ती लॉनच्या कडेला उतरवली. बोलायला लागला की थांबायचं नाव नाही अशातला माणूस. पहिलं मशीन स्टिअरिंगचं, छोट्या ट्रॅक्टरासारखं. गोपालला तेच आवडलं. करणसिंगनं नाक मुरडलं. "भाऊ, उतार असता तर मीच हे घ्या म्हटलं असतं. तुमची जमीन सपाट. हे वळायला अर्धं लॉन खातं आणि कोपरे सोडतं. हे दुसरं पाहा, झिरो टर्न. स्टिअरिंगच नाही, दोन दांडे. एक पुढं, एक मागं, की जागच्या जागी फिरलं. छोटंच घ्या, फाटकातून आत जातं."

"एखादी जागा सोडायची असली तर?" रंजनाबाईंनी विचारलं.

"काकू, झाड असो, कुंडी असो, वीतभर लांबून गोल जातं. कोणती जागा सोडायची?"

रंजनाबाईंची नजर लॉनभर फिरली आणि कुठंच टेकली नाही. तेवढ्यात ओट्यावरचे आबा उठून सरळ दुसऱ्या मशीनवर जाऊन बसले.

गोपाल धावला. पण आबांचे हात दोन्ही दांड्यांवर असे बसले होते की तोही थबकला. केळीत उभा जन्म पॉवर टिलर चालवला त्यांनी. त्यालाही दोन मुठी, ज्या बाजूची दाबाल त्या बाजूला वळतो. करणसिंगनं पात्यांचं बटण बंद ठेवून इंजिन सुरू केलं आणि म्हणाला, "बसू द्या. हळू चालेल, मी सोबत आहे."

आबा निघाले. वाढलेलं गवत चाकांखाली आडवं होत गेलं. मधोमध आल्यावर ते एकाएकी वळले आणि गोल फिरले. पुन्हा फिरले. करणसिंग म्हणाला, "काका, सरळ घ्या," पण आबा त्याच गोलात फिरत राहिले. भोवतीचं गवत झोपलं, आणि मधे सुपाएवढ्या जागेत तेवढं उभं राहिलं.

रंजनाबाई लॉनवरून सरळ चालत गेल्या. पोहोचेपर्यंत आबांनी मशीन थांबवलं होतं.

"तठे का बरं सोडं?" त्यांनी विचारलं.

आबांनी ओठांवर बोट ठेवलं. "पोर झोपेल शे."

रंजनाबाई मटकन खाली बसल्या. उभ्या गवतावर त्यांनी तळवा ठेवला. दव उडून गेलं होतं, तरी गवत गार होतं. मागं गोपालला काहीच उमगलं नव्हतं, पण आईला असं बसलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. "हेच मशीन राहू दे," तो करणसिंगला हळूच म्हणाला.

"हात नका लावू, बाई," पोरीची आई येतेय, तोवर परक्या बाईला थोपवावं तसं आबा म्हणाले. "तिनी माय ई ऱ्हायनी."

"मीच ना तिनी माय."

आबांनी त्यांचे पांढरे केस पाहिले, सुरकुतलेला हात पाहिला आणि मान हलवली. "नही. तिनी माय तरनी शे. तिले मी अजून काहीच सांगं नही."

"सांगी टाका तिले," रंजनाबाई म्हणाल्या. "कवयनी वाट देखी ऱ्हायनी ती."

"रडी ती."

"रडू द्या," रंजनाबाई म्हणाल्या, आणि रडल्या.